चौथं वर्ष घ्यायचं की नाही? ऑनर्स निवडण्याआधी हे वाचा

२०२३ साली मी एका स्वायत्त महाविद्यालयात बीए भूगोलाला प्रवेश घेतला. महाराष्ट्रात नवीन शैक्षणिक धोरण त्या वर्षी स्वायत्त महाविद्यालयांत आणि विद्यापीठांच्या विभागांत आधी आलं, संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून. या धोरणात तीन वर्षांच्या पदवीनंतर हवं तर चौथं, ऑनर्सचं वर्ष घेता येतं. म्हणजे आमची तुकडी पहिलीच. विचारायला सीनियर नाहीत, मागच्या वर्षीचे फॉर्म नाहीत. ‘मॅडम, चौथ्या वर्षाचं काय?’ असं विचारलं की मॅडम म्हणायच्या, ‘अगं, परिपत्रक येऊ दे.’ सहाव्या सत्राची परीक्षा तोंडावर आली तेव्हा परिपत्रक आलं आणि आठ दिवसांत पर्याय भरायला सांगितलं. वर्गातल्या निम्म्या मुलींनी मैत्रीण जे भरेल ते भरलं.

आता मी सातव्या सत्रात आहे, ‘ऑनर्स विथ रिसर्च’ला. मला जे घाईगडबडीत, चुका करत कळलं, ते तुम्हाला निवांत वेळ असताना कळावं म्हणून हे लिहिते आहे. संलग्न महाविद्यालयांतली पहिली तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षाला येईल. तुम्ही आज दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाला असाल तर यातलं निम्मं काम आत्ताच करता येईल.

## १. आधी कोणता ‘ऑनर्स’ ते ओळखा

हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच होते.

पहिला, जुना तीन वर्षांचा ऑनर्स. दिल्ली, कोलकाता अशा विद्यापीठांत अनेक वर्षं बीए ऑनर्स ही तीन वर्षांची पदवी होती. आपल्याकडे पुण्याच्या बाजूला ‘स्पेशल’ विषय घेऊन बीए करायची पद्धत होती. माझी आई अजूनही सगळ्यांना सांगते, ‘हिचा भूगोल स्पेशल आहे.’ त्या ‘स्पेशल’चा आणि आजच्या ऑनर्सचा संबंध नाही.

दुसरा, अभियांत्रिकीतला. तिथे पदवी मुळात चार वर्षांची असते. एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेच्या, २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात १६० क्रेडिटची पदवी आहे (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून ठरलेलं पेपरचं वजन) आणि ऑनर्ससाठी त्यावर साधारण १८ ते २० क्रेडिट जास्तीचे करावे लागतात. तिथे वर्ष वाढत नाही, त्याच वर्षांत विषय वाढतात. तुम्ही बीई किंवा बीटेक करत असाल तर पुढचं बरंचसं तुम्हाला लागू नाही.

तिसरा, बीए, बीकॉम, बीएस्सीचा चार वर्षांचा ऑनर्स. हा लेख त्याबद्दल आहे. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा आराखडा दिला आणि महाराष्ट्राने तो शासन निर्णयांनी आपल्याकडे आणला.

यातही दोन प्रकार आहेत: साधा ‘ऑनर्स’ आणि ‘ऑनर्स विथ रिसर्च’. पदवी प्रमाणपत्रावर नाव वेगळं येतं, अभ्यास वेगळा असतो आणि प्रवेशाची अटही वेगळी. फॉर्मवर दोन्हींचे चौकोन शेजारीशेजारी असतात. माझ्या एका मैत्रिणीने चुकीच्या चौकोनात खूण केली आणि ती दुरुस्त करायला तिला तीन अर्ज लिहावे लागले.

## २. क्रेडिटचा हिशेब एकदा स्वतः मांडा

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एका सत्राला २२ क्रेडिट असतात. म्हणजे एका वर्षाचे ४४, दोन वर्षांचे ८८, तीन वर्षांचे १३२ आणि चार वर्षांचे १७६. यूजीसीच्या आराखड्यात थोडी मोकळीक आहे, तिथे तीन वर्षांची पदवी १२० क्रेडिटपासून आणि चार वर्षांची १६० पासून मिळते. तुमच्या महाविद्यालयाचा आकडा माहितीपत्रकात बघा.

पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला ४ क्रेडिटचा जास्तीचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करून प्रमाणपत्र किंवा पदविका मिळते. तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करायची असते. लग्न ठरलं किंवा घरी कुणी आजारी पडलं म्हणून शिक्षण सोडावं लागलेल्या मुलींनी हे जरूर लक्षात ठेवावं. ‘नाव कमी केलं’ एवढंच ऐकून त्या परत येत नाहीत, आणि त्यांचे क्रेडिट मात्र तिथे जमा असतात.

## ३. चौथ्या वर्षात नेमकं काय असतं

हा लेख मी मुख्यतः या एका गोष्टीसाठी लिहिते आहे. साध्या ऑनर्सचं चौथं वर्ष आणि एमए किंवा एमएस्सीचं पहिलं वर्ष यांची रचना आपल्याकडे जवळजवळ एकच आहे. दोन्हींच्या अभ्यासाचा स्तर आराखड्यात ६.० हाच धरला आहे.

महाराष्ट्राच्या आराखड्यात साध्या ऑनर्सला सातव्या सत्रात मुख्य विषयाचे १४ क्रेडिट, मुख्य विषयातलाच एक ऐच्छिक पेपर ४ क्रेडिटचा आणि संशोधन पद्धती ४ क्रेडिटची असते. आठव्या सत्रात संशोधन पद्धतीच्या जागी ४ क्रेडिटचं ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण येतं. आता एमएच्या पहिल्या वर्षाची रचना शेजारी ठेवून बघा: १४, ४, ४ आणि दुसऱ्या सत्रात ओजेटी. मी हे दोन कागद विभागाच्या टेबलावर शेजारी ठेवले तेव्हा आमचे सर म्हणाले, ‘हेच तर मी सगळ्यांना सांगतोय, पण कुणी बघतच नाही.’

ऑनर्स विथ रिसर्चमध्ये मुख्य विषयाचे क्रेडिट प्रत्येक सत्राला १४ वरून १० होतात. ऐच्छिक पेपर दोन्ही सत्रांत राहतो, संशोधन पद्धती सातव्या सत्रात असते. ओजेटी जातं आणि संशोधन प्रकल्प येतो, सातव्या सत्रात ४ क्रेडिटचा आणि आठव्यात ८ क्रेडिटचा. म्हणजे वर्षभरात १२ क्रेडिट फक्त तुमच्या स्वतःच्या प्रबंधाचे.

या रचनेचा व्यवहारी अर्थ असा. तीन वर्षांची पदवी घेऊन दोन वर्षांचं एमए केलंत तर पाच वर्षं लागतात. चार वर्षांचा ऑनर्स करून एक वर्षाचं एमए केलंत तरी पाचच. ‘ऑनर्स केल्याने एक वर्ष वाचतं’ असं कुणी सांगितलं तर ‘कुठे वाचतं?’ असं विचारा. वर्ष वाचतं ते एकाच वाटेवर: चार वर्षांनंतर एमए न करता थेट पीएचडीला गेलात तर. त्या वाटेची अट पुढे सांगते.

## ४. तुम्हाला पुढे काय करायचं आहे त्यावरून ठरवा

स्पर्धा परीक्षा. एमपीएससी, यूपीएससीच्या सर्वसाधारण पदांना कोणत्याही शाखेची पदवी चालते आणि तीन वर्षांची पदवी ही पूर्ण पदवीच आहे. फक्त ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून चौथं वर्ष घेऊ नका. त्या वर्षात हजेरी, अंतर्गत मूल्यमापन, ओजेटीचे १२० तास हे सगळं असतं आणि अभ्यासिकेतले तास त्यातूनच कापले जातात. माझी एक वर्गमैत्रीण तिसऱ्या वर्षानंतर थांबली आणि पूर्णवेळ तयारीला लागली. तिचा निर्णय मला योग्यच वाटतो.

प्राध्यापक व्हायचं आहे. सहायक प्राध्यापक पदासाठी पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळवणाऱ्यांना २०२४ पासून नेट देता येते, पण तेवढ्यावर प्राध्यापकपदाची पात्रता येत नाही. एमए करावंच लागेल. मग ४ अधिक १ की ३ अधिक २, एवढाच प्रश्न उरतो.

थेट पीएचडी. यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीनंतर पीएचडीला अर्ज करता येतो, अट एकूण ७५ टक्के किंवा तेवढ्या ग्रेडची. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमीलेयर ओबीसी, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ५ टक्के सवलत आहे. एमए केल्यावर मात्र ५५ टक्के पुरतात. म्हणून पंचाहत्तर हुकले तर पीएचडीचं दार बंद झालं असं समजू नका, फक्त वाट एमएवरून जाते. आमच्या वर्गातला एक मुलगा ७.२ सीजीपीएवर (सगळ्या सत्रांची मिळून दहापैकी सरासरी) अडकला म्हणून दोन दिवस जेवला नव्हता. त्याला हे एक वाक्य कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं.

परदेशी शिक्षण. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं पदव्युत्तर प्रवेशासाठी एकूण सोळा वर्षांचं शिक्षण बघतात, बारावीपर्यंत बारा आणि पदवीची चार. तिथे चौथं वर्ष सरळ उपयोगी पडतं.

नोकरी. विज्ञान शाखेत प्रयोगशाळेचा हात बसलेला असेल आणि प्रकल्प चांगला असेल तर मुलाखतीत बोलायला विषय मिळतो. इतर ठिकाणी कंपनीची जाहिरात नीट वाचा. तिथे नुसतं ‘पदवीधर’ लिहिलेलं असेल तर चौथ्या वर्षाने अर्जात भर पडत नाही.

## ५. साडेसातचं गणित पाचव्या सत्रातच करा

ऑनर्स विथ रिसर्चसाठी पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के किंवा ७.५ सीजीपीए लागतो. ही अट साध्या ऑनर्सला नाही.

सीजीपीए म्हणजे सहा सत्रांच्या एसजीपीएची (एकेका सत्राच्या सरासरीची) नुसती बेरीज भागिले सहा, असं प्रत्येक वेळी नसतं. प्रत्येक पेपरचे ग्रेड पॉइंट गुणिले त्या पेपरचे क्रेडिट, या सगळ्यांची बेरीज भागिले एकूण क्रेडिट, असं ते गणित आहे. सगळ्या सत्रांना सारखे २२ क्रेडिट असतील तर दोन्हीचं उत्तर एकच येतं. क्रेडिट कमीजास्त असतील तर येत नाही.

माझं उदाहरण देते. पाच सत्रांनंतर माझा सीजीपीए होता ७.३८. मला वाटलं, थोडंच तर कमी आहे. मग वहीत मांडलं:

सहा सत्रांचे १३२ क्रेडिट गुणिले ७.५ म्हणजे ९९० गुण हवेत.
पाच सत्रांचे ११० क्रेडिट गुणिले ७.३८ म्हणजे ८११.८ मिळालेत.
राहिले १७८.२. भागिले शेवटच्या सत्राचे २२ क्रेडिट, उत्तर ८.१.

म्हणजे ०.१२ भरून काढायला शेवटच्या एका सत्रात ८.१ मिळवायचे होते, आणि तोवर माझा सर्वांत चांगला एसजीपीए ७.७ होता. ते सत्र मी कसं काढलं ते मलाच माहीत. हे गणित तिसऱ्या सत्रात केलं असतं तर हीच उणीव तीन-चार सत्रांत सावकाश भरून निघाली असती.

गुण कुठे गळतात तेही सांगते. आम्ही सगळे मुख्य विषयाचा अभ्यास करायचो आणि दोन-दोन क्रेडिटचे पेपर, म्हणजे मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, भाषेचा पेपर, ओपन इलेक्टिव्ह, हे ‘होतील पास’ म्हणून सोडून द्यायचो. २ क्रेडिटच्या एका पेपरात ८ ऐवजी ४ ग्रेड पॉइंट मिळाले तर त्या सत्राचा एसजीपीए ०.३६ ने खाली येतो. असे दोन पेपर झाले की संपलं. या पेपरांचे अंतर्गत गुण वेळेवर असाइनमेंट दिली की मिळतात, ते सोडू नका.

आणखी दोन सापळे. ‘७५ टक्के’ आणि ‘७.५ सीजीपीए’ हे तुमच्या विद्यापीठात एकच धरतात का, ते बघा. टक्केवारीत रूपांतर करायचं सूत्र विद्यापीठागणिक वेगळं असतं आणि ते गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं. दुसरं, पीएचडी प्रवेशातली ५ टक्के सवलत चौथ्या वर्षाच्या रिसर्च प्रवेशालाही आपोआप मिळेल असं धरून चालू नका. परीक्षा विभागाला लेखी अर्ज देऊन विचारा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

## ६. मार्गदर्शक आधी शोधा, विषय त्याच्याबरोबर

प्रत्येक महाविद्यालयात, प्रत्येक विषयाला रिसर्चचा पर्याय मिळत नाही. त्यासाठी विभागात पीएचडीचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक आणि संशोधनाच्या सोयी असाव्या लागतात. त्यामुळे ‘आपल्या विभागात रिसर्च ऑनर्स आहे का, आणि जागा किती?’ हा प्रश्न तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच विभागप्रमुखांना विचारा. मार्चमध्ये विचारलात तर उत्तर मिळेपर्यंत दुसरीकडचे प्रवेश होऊन गेलेले असतील.

मार्गदर्शकाकडे जाताना मी केलेली चूक तुम्ही करू नका. मी सरांकडे गेले आणि म्हणाले, ‘सर, मला ग्रामीण विकासावर करायचंय.’ सर शांतपणे म्हणाले, ‘बस. कुठलं गाव? कुणाला विचारणार? कोणत्या दिवशी जाणार? परत यायला एसटी आहे का?’ माझ्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं. त्यांनी रागावून पाठवलं नाही, म्हणाले, ‘एक पान लिहून आण. पण आधी जाऊन ये.’

मी आमच्या तालुक्याच्या आठवडी बाजारात गेले. सकाळी सातला पोचले तर मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या आधीच मांडून झाल्या होत्या. एका मावशींना विचारलं, ‘कुठून आलात?’ त्या म्हणाल्या, ‘पहिल्या एसटीनं.’ मी गावाचं नाव विचारत होते आणि त्यांच्या लेखी महत्त्वाचं होतं ते वाहन. दुपारी दोनची एसटी गाठायची म्हणून एकच्या सुमाराला त्या उरलेला माल निम्म्या भावात सोडत होत्या. शेजारी टेम्पोने आलेला विक्रेता संध्याकाळपर्यंत भाव धरून बसला होता. तिथेच, भाजीच्या गोणपाटाशेजारी उभी राहून मी वहीत लिहिलं: परतीच्या एसटीच्या वेळेचा आणि भाजीच्या भावाचा संबंध आहे का? तेच पान सरांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि संमतीपत्रावर सही केली. आज माझा प्रबंध त्यावरच चालू आहे.

सांगायचं ते हे की एका वर्षात, बाकीचे पेपर सांभाळून, तुम्हाला स्वतः जाऊन मोजता, विचारता किंवा तपासता येईल एवढाच विषय घ्या. १२ क्रेडिट म्हणजे साधारण ३६० तासांचं काम. ऐकायला खूप वाटतं, पण माहिती गोळा करण्यातच त्यातले निम्मे जातात.

मार्गदर्शक ठरवताना संकोच न करता विचारा:

- यंदा त्यांच्याकडे पीएचडीचे आणि ऑनर्सचे मिळून किती विद्यार्थी आहेत?
- वर्षाच्या मध्ये ते निवृत्त होणार किंवा लांबच्या रजेवर जाणार आहेत का?
- आठवड्यातून किती वेळ भेट मिळेल?
- लागणारी उपकरणं, रसायनं, सॉफ्टवेअर विभागात आहेत की स्वतःच्या खर्चाने?

शेवटचा प्रश्न विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी तर विचारायलाच हवा. रसायनशास्त्रातल्या माझ्या मैत्रिणीला एका तपासणीसाठी नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवावे लागले आणि तो खर्च तिने आधी धरलाच नव्हता.

मार्गदर्शक नावाजलेले असण्यापेक्षा भेटणारे असावेत, हे माझं स्पष्ट मत आहे. चांगला मार्गदर्शक मिळत नसेल तर सीजीपीए साडेआठ असला तरी साधा ऑनर्स घ्या. तिथे ओजेटी मन लावून करा, त्याचाही उपयोग होतो.

## ७. एबीसी खातं आजच उघडून बघा

तुमचे क्रेडिट ‘अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा होतात. तिचे नियम २०२१ मध्ये आले. खात्याचा १२ अंकी क्रमांक असतो, आता त्याला अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा देशभर चालणारा ओळख क्रमांक, जोडलेला आहे, आणि हे सगळं डिजिलॉकरमधून दिसतं. बहुतेकांनी पहिल्या वर्षी वर्गशिक्षकांनी सांगितलं म्हणून खातं उघडलं आणि परत कधी पाहिलं नाही. मीही त्यांतलीच.

सहाव्या सत्राचा निकाल लागल्यावर उघडून पाहिलं तर पहिलं, दुसरं, चौथं, पाचवं सत्र दिसत होतं, तिसरं नव्हतंच. पोटात गोळाच आला. कारण शेवटी नावात सापडलं. गुणपत्रिकेवर आपल्याकडे आडनाव, नाव, वडिलांचं नाव आणि शेवटी आईचं नाव असतं. आधारवर माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. त्या एका सत्राची माहिती चढवताना जुळणी झाली नव्हती. विद्यार्थ्याला स्वतः क्रेडिट चढवता येत नाहीत, ते फक्त संस्था करते. त्यामुळे महाविद्यालयाचा परीक्षा विभाग, तिथून विद्यापीठ, तिथून परत, असे सोळा दिवस गेले. प्रवेशाची शेवटची तारीख दोन दिवसांवर आली तेव्हा तिसरं सत्र पडद्यावर उमटलं.

तुम्ही एवढं करा:

- प्रत्येक निकालानंतर महिन्याभरात खातं उघडून त्या सत्राचे क्रेडिट आणि बेरीज गुणपत्रिकेशी जुळवा.
- आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे ना, ते बघा. ओटीपी तिथेच येतो. वर्गात कितीतरी जणांचा तो वडिलांचा जुना, बंद पडलेला क्रमांक होता.
- सत्र दिसत नसेल तर पडद्याचा फोटो, गुणपत्रिकेची प्रत आणि आधारची प्रत लावून परीक्षा विभागात लेखी अर्ज द्या. तोंडी सांगून काम होत नाही.

‘स्वयं’ या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरचे ऑनलाइन अभ्यासक्रमही यात धरले जातात. यूजीसीच्या नियमांनुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयं’मधून करता येतात, पण तुमच्या महाविद्यालयाने तो विशिष्ट अभ्यासक्रम आधी मान्य केलेला असला पाहिजे. आधी करून मग ‘हे धरा’ म्हणून गेलेल्यांना परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची असते, हेही लक्षात ठेवा.

## ८. इथेच की दुसरीकडे

तुमच्या महाविद्यालयात चौथं वर्ष सुरूच होणार नसेल किंवा रिसर्चची सोय नसेल, तर दोन वाटा उरतात. दुसऱ्या महाविद्यालयात किंवा विद्यापीठाच्या विभागात चौथ्या वर्षाला जाणं, किंवा तीन वर्षांची पदवी घेऊन दुसरीकडे दोन वर्षांचं एमए करणं.

तुम्हाला मोठ्या विभागात, चांगल्या ग्रंथालयाजवळ जायचं असेल तर मी दुसरी वाट सुचवेन. दोन वर्षं सलग एका जागी मिळतात, वसतिगृहाचा अर्ज एकदाच करावा लागतो आणि तिथल्या शिक्षकांशी ओळख व्हायला वेळ मिळतो. चौथं वर्ष एका ठिकाणी आणि एक वर्षाचं एमए तिसऱ्याच ठिकाणी, असं झालं तर दोन्हीकडे तुम्ही पाहुण्यासारखे राहता. शिवाय तुम्हाला हव्या त्या विद्यापीठात तुमच्या विषयाचं एक वर्षाचं एमए आहे का, हे ऑनर्स घेण्याआधी त्यांच्या प्रवेश सूचनेत बघा.

घरच्यांशी बोलताना शुल्काचा आणि शिष्यवृत्तीचा मुद्दा आधी काढा. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर तुमच्या अभ्यासक्रमाचा कालावधी किती वर्षांचा नोंदला आहे आणि चौथ्या वर्षी अर्ज नव्याने करायचा की नूतनीकरण, हे महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती कारकुनांना विचारा. आमच्याकडे त्या काकांनी फळ्यावर लिहून ठेवलं होतं म्हणून कितीतरी जणांचे अर्ज वाचले.

## ९. कागदपत्रं

एका फाइलमध्ये मूळ प्रती आणि दुसऱ्या फाइलमध्ये साक्षांकित झेरॉक्सचे तीन संच ठेवा:

- सहाही सत्रांच्या गुणपत्रिका, बॅकलॉग असेल तर सुटल्याची गुणपत्रिकासुद्धा
- दहावी, बारावीच्या गुणपत्रिका
- आधार, अपार किंवा एबीसी क्रमांक, आणि क्रेडिट दिसणाऱ्या पानाची छापील प्रत
- जातीचं प्रमाणपत्र, जात वैधता, चालू वर्षाचं नॉन-क्रीमीलेयर किंवा ईडब्ल्यूएस, जे लागू असेल ते
- उत्पन्नाचा दाखला
- रिसर्चसाठी: मार्गदर्शकाचं संमतीपत्र आणि एक-दोन पानी आराखडा
- महाविद्यालय बदलत असाल तर महाविद्यालय सोडल्याचा दाखला, विद्यापीठ बदलत असाल तर मायग्रेशन प्रमाणपत्र
- मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र

नॉन-क्रीमीलेयर आणि उत्पन्नाच्या दाखल्याला सेतू केंद्रात जूनमध्ये फार गर्दी असते. एप्रिलमध्येच अर्ज करा.

## १०. फॉर्म भरायच्या दिवशी

पर्याय भरण्याच्या पानावर मुख्य विषय, प्रकार आणि ऐच्छिक पेपर असे तीन रकाने असतात. ऐच्छिक पेपर निवडताना तो तुमच्या प्रबंधाला कामी येईल असा घ्या. मी संख्याशास्त्रीय पद्धतींचा घेतला, कारण बाजारभावांच्या नोंदी घेऊन पुढे काय करायचं ते मला येत नव्हतं. आता दर सोमवारी त्या तासाला मी माझीच आकडेवारी घेऊन बसते.

‘सबमिट’ दाबण्याआधी पानाचा फोटो काढा आणि दाबल्यावर पीडीएफ उतरवून घ्या. छापील प्रत विभागात देताना तिच्यावर तारखेचा शिक्का मारून घ्या. प्रवेश पक्का झाला की पहिल्याच आठवड्यात मार्गदर्शकांना भेटून भेटीचा वार आणि वेळ ठरवा, आणि तो तुमच्या वेळापत्रकात तासासारखाच लिहा. आमचा गुरुवार, दुपारी तीन.